चिनी भाषा: मध्यम

रोहेलियो बेल्त्रानने विद्यापीठाचा अर्ज भरताना जवळजवळ सगळं खरं लिहिलं. वय सत्तावीस, राहणार मेक्सिकाली (मेक्सिको), काम कूलर आणि एसी दुरुस्तीचं, शिक्षण यथातथा. 'चिनी भाषा किती येते?' या प्रश्नाखाली मात्र चार चौकटी होत्या: अजिबात नाही, थोडी, मध्यम, उत्तम. तिथे त्याचा हात जरा थांबला. 'उत्तम'वर खूण करायचा मोह त्याने आवरला आणि 'मध्यम'वर केली. "आयुष्यात एकदाच मी नम्रपणा दाखवला," असं तो आता सांगतो, "आणि तोच मला भोवला."

चिनी शिकायचं खूळ त्याच्या डोक्यात आलं ते कामामुळे. मामाच्या दुकानात दुरुस्तीला येणारं निम्मं सामान चीनमधलं, आणि त्याच्यासोबत येणारी माहितीपुस्तिकाही चिनीतच. रोहेलियो चित्रं बघून अंदाजाने तारा जोडायचा. एकदा एका दातांच्या डॉक्टरकडे त्याने असाच अंदाज केला आणि भर जुलैत, बाहेर सत्तेचाळीस अंश असताना, एसी खोलीत गरम हवा फेकायला लागला. खुर्चीतल्या पेशंटचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्याला तक्रारही करता आली नाही. त्या दिवशी रोहेलियोने ठरवलं की ही भाषा मुळापासून शिकायची. एक वर्ष चीनला जाऊन, रीतसर विद्यार्थी होऊन.

मुळापासून म्हणजे फोंगकाकांपासून. दोन गल्ल्या सोडून त्यांचं हॉटेल होतं. चौदाव्या वर्षी ते चीनहून आले, आता एकाहत्तरचे होते. सौदा सरळ होता. रोहेलियोने हॉटेलातले चार कूलर सांभाळायचे आणि काकांनी दर मंगळवारी तीन ते पाच, गिऱ्हाईक नसताना, त्याला चिनी शिकवायचं. मध्ये सोया सॉसमध्ये परतलेल्या पिवळ्या मिरच्यांची बशी, एका बाजूला जुनी चिनी वर्तमानपत्रं, अशी दोन वर्षं गेली. रोहेलियो अक्षरं गिरवायला शिकला, वाचायला शिकला, आणि बोलायला तर असा लागला की मावसबहिणीच्या मुलीच्या बारशाचं जेवण त्या हॉटेलात झालं तेव्हा त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दहा मिनिटं आचाऱ्यांशी गप्पा मारल्या. आचारी हसले, त्यांनी उत्तरं दिली. सगळे नातेवाईक जेवायचे थांबून बघत राहिले. त्याच्या आईने, सोकोर्रोने, त्या दिवशी तीन वेळा डोळे पुसले.

तर चीनच्या उत्तरेला, बर्फाच्या प्रदेशातल्या हार्बिनमधल्या त्या विद्यापीठाचं उत्तर आलं. अर्ज पसंत आहे, फक्त व्हिडिओवर छोटी मुलाखत होईल, बुधवारी सकाळी नऊला, म्हणजे इथल्या मंगळवारी संध्याकाळी सहाला. मुलाखत त्साओ नावाच्या बाई घेतील. मुलाखतीला दहा दिवस होते. आईने रविवारी चर्चबाहेर तेरा जणींना सांगितलं. मामाने तर एक पायरी पुढे जाऊन रोहेलियोच्या जागी एका बाईंना कामावर घेऊन टाकलं. त्या कॉम्प्रेसर त्याच्यापेक्षा लवकर उघडतात हे मामाला पहिल्याच दिवशी कळलं, आणि हे कळल्याचं त्याने लपवलंही नाही.

"भाच्या, आता तू निर्धास्त जा," मामा म्हणाला. "परत यायची घाई करू नकोस."

उजळणी करावी म्हणून रोहेलियोने विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा पहिला धडा लावला. एक मुलगी हसतमुखाने काहीतरी बोलली. त्याला एक शब्द कळला नाही. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा कळलं नाही. रोहेलियो कारागीर माणूस, त्याने स्पीकर उघडला. आतून धूळ काढली, एक तार नव्याने जोडली. मुलगी आता जास्त स्पष्ट बोलायला लागली, पण कळेना ते कळेनाच.

"स्पीकरमध्ये दोष आहे," तो आईला म्हणाला.

"मग गाणी नीट कशी लागतात त्यावर?" आईने विचारलं.

तो फोन घेऊन तडक फोंगकाकांकडे गेला आणि धडा त्यांच्या कानाशी धरला. काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान बोलते पोरगी," ते म्हणाले. "आवाज गोड आहे."

"काय म्हणाली?"

"मला काय माहीत?"

रोहेलियो खुर्चीत बसला. "काका, ती चिनी बोलतेय."

"हो तर. ती मँडरिन. शाळेतली, सरकारातली भाषा. आम्ही होयसानचे. दक्षिणेला आमचा एवढासा जिल्हा आहे, तिथलं आमचं बोलणं वेगळं. उत्तरेकडच्याला ते कळत नाही, शेजारच्या शहरातल्यालाही कसंबसं कळतं." काकांनी मिरच्यांची बशी त्याच्याकडे सरकवली. "लिहितो मात्र सगळे सारखंच."

"मग दोन वर्षं तुम्ही मला काय शिकवलंत?"

"तू म्हणालास, चिनी शिकवा. मी शिकवलं. माझ्याकडे होतं ते शिकवलं. दुसरं माझ्याकडे नव्हतं."

"पण ते आचारी? बारशाच्या दिवशी माझ्याशी बोलले ते?"

"सगळे माझ्या गावचे आहेत," काका म्हणाले. मग खाली बघत, "ते म्हणतात तू अगदी माझ्या आजोबांसारखा बोलतोस."

खरं म्हणजे त्याच संध्याकाळी विद्यापीठाला लिहून कळवायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच करायला हवं होतं. रोहेलियोच्या मनात ते आलंही. पण घरी आला तर आई त्याच्यासाठी लोकरीचे पायमोजे विणत बसली होती. मेक्सिकालीत लोकर मिळत नाही, तिने ती सीमेपलीकडे अमेरिकेत राहणाऱ्या बहिणीकडून मागवली होती. पंखा पूर्ण वेगात, कपाळावर घाम, आणि मांडीवर लोकर. त्याची जीभ रेटेना. त्याने ठरवलं की दहा दिवसांत मँडरिन शिकून टाकू. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की दोन्ही भाषांची भेसळ होऊन आता त्याला होयसानचंही नीट येईनासं झालंय.

मग सल्ल्याला मामा पुढे आला.

"तुला लिहिता येतं ना?" मामा म्हणाला. "मग बोलायचं कशाला? आवाज पोचत नाही म्हणायचं आणि पुठ्ठ्यावर लिहून दाखवायचं."

"माइक बंद केला तर त्यांना पडद्यावर दिसतं, मामा."

"बंद नाही करायचा. बिघाड खरा पाहिजे. मागे तो मोठा कूलर पडलाय ना, बेअरिंग गेलेला? तो शेजारी लावू. देवदूत आला तरी त्याला तुझं काही ऐकू जाणार नाही."

रोहेलियो आता म्हणतो की मामाचा सल्ला ऐकताना शंका आली नाही असा त्याच्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग, आणि खरी शंका यायला हवी होती ती तिथेच.

मुलाखत फोंगकाकांच्या हॉटेलातून द्यायचं ठरलं, कारण अक्षर त्यांचं चांगलं. बाई काय विचारतील याचा अंदाज बांधून काकांनी सहा पुठ्ठे आधीच लिहून ठेवले: नाव, वय, गाव, काम, चीनला का यायचं, आणि आवड. कोरे पुठ्ठेही शेजारी ठेवले. मामाने कूलर ढकलत आणला. पावणेसहाला तो चालू केला तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं.

सहाला त्साओ बाई पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, चेहरा शांत. त्या काहीतरी बोलल्या. रोहेलियोने पहिला पुठ्ठा धरला: माझं नाव रोहेलियो बेल्त्रान. बाईंनी मान डोलावली. पुन्हा काही बोलल्या. दुसरा पुठ्ठा: मी सत्तावीस वर्षांचा आहे. बाई जरा बुचकळ्यात पडल्या, पण तिसऱ्या पुठ्ठ्यापर्यंत गाडी ठीक चालली. चौथा प्रश्न त्यांनी तीन वेळा विचारला, प्रत्येक वेळी तोंड जास्त मोठं करून. रोहेलियोने 'मी कूलर दुरुस्त करतो' हा पुठ्ठा धरला. बाईंचा चेहरा बघून त्याला कळलं की प्रश्न हा नव्हता.

"काका," तो पडद्याकडे बघून हसत, ओठ न हलवता पुटपुटला, "आवाज येत नाही असं लिहा. लवकर."

फोंगकाका घाईत होते. आतून आचारी हाका मारत होता, कोणीतरी बारा जणांची ऑर्डर दिली होती. त्यांनी कोऱ्या पुठ्ठ्यावर चार अक्षरं ओढली आणि आत पळाले. रोहेलियोने पुठ्ठा न वाचताच उचलून धरला. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: मला ऐकू येत नाही.

त्साओ बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग टेबलावरचा कागद ओढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरला. 'किती काळापासून?'

चिनी किती काळ शिकतोस असं विचारत असणार, रोहेलियोला वाटलं. वाचता आल्याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने मोठ्ठं लिहिलं: दोन वर्षं.

बाईंनी दुसरा कागद धरला. त्यातलं एक अक्षर त्याला येत नव्हतं, पण 'बरं होईल का?' असा काहीसा अर्थ लागत होता. त्याने शेजारच्या कूलरकडे पाहिलं. बाईंनाही याचा आवाज सहन होत नसणार. प्रामाणिकपणे त्याने लिहिलं: कठीण आहे. भाग मिळत नाहीत.

बाईंनी हे वाचलं आणि चष्म्याखालून रुमाल फिरवला. तेवढ्यात आत स्वयंपाकघरात कढई पडली, आणि रोहेलियो खुर्चीतून वीतभर उडाला. बाईंनी हळूच तिसरा कागद वर केला: तुम्ही धीराचे आहात.

उकाड्याबद्दल म्हणत असतील, असं त्याला वाटलं. त्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली. मुलाखत संपली. मामाने कूलर बंद केला आणि सगळ्यांच्या कानांत दहा मिनिटं शिटी वाजत राहिली.

"झालं," मामा म्हणाला. "बाई रडल्या म्हणजे पास."

पत्र शुक्रवारी ईमेलने आलं, चिनी आणि स्पॅनिश दोन्हीत. आईने ते मोठ्याने वाचायला घेतलं, कारण तिची बहीण फोनवर ऐकत होती. "आपल्या जिद्दीने आम्ही सर्व भारावून गेलो आहोत," आईने वाचलं. "प्रवेश मंजूर आहे. ऐकू येत नसताना केवळ लेखनातून आपण जे साध्य केलंत..." आई थांबली. तिने पुढचं मनात वाचलं. मग बहिणीला "नंतर करते" म्हणून फोन ठेवला.

"रोहेलियो," ती म्हणाली, "तुला ऐकू येत नाही?"

"येतं, आई."

"इथे लिहिलंय की वर्षभर तुझ्या शेजारी बसायला हातवाऱ्यांची भाषा येणारी शिक्षिका नेमलीय. दुसऱ्या शहरातून बोलावलीय तिला. आणि तू शाळेतल्या मुलांसमोर भाषण करायचंस. म्हणजे, लिहून."

रोहेलियोने पत्र दोनदा वाचलं. तो मटकन खाली बसला आणि पुठ्ठे एकेक करून आठवायला लागला: ऐकू येत नाही, दोन वर्षं, कठीण आहे, भाग मिळत नाहीत.

मामाला यात काही अडचण दिसेना. "एक वर्ष गप्प राहायचं, एवढंच ना? तुझी मामी बावीस वर्षं माझं ऐकत नाही, तिचं काय अडलंय?"

"मामा, ती बाई दुसऱ्या शहरातून घर सोडून येतेय. ज्याला खरंच ऐकू येत नाही अशा कोणाच्या शेजारी बसली असती ती." रोहेलियोने आईकडे पाहिलं. "आणि मी झोपेत बोलतो. होयसानचं बोलतो, असं आई म्हणते."

आई पायमोज्यांकडे बघत होती. एक पूर्ण झाला होता, दुसरा टाचेपर्यंत आला होता. "तेरा जणींना सांगितलंय मी," ती शेवटी म्हणाली. "चौदाव्या वेळी खरं सांगेन. तू पत्र लिही."

रोहेलियो फोंगकाकांकडे गेला. काकांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे कान लाल झाले. चूक त्यांच्या चार अक्षरांची होती असं ते म्हणत होते, आणि आपल्या एका खुणेची होती असं रोहेलियो. त्यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला, होयसानच्या बोलीत, आणि तो कोणीच जिंकला नाही. मग त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. चौकट, आचारी, स्पीकर, कूलर, पुठ्ठे, सगळं. शेवटी रोहेलियोने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ घातली: 'खोटं बोलायलाही भाषा यावी लागते, मला तेवढीही येत नव्हती.' काकांनी ती तपासली. "दोन अक्षरं चुकलीत," ते म्हणाले, "पण राहू दे. पुरावा म्हणून उपयोगी पडेल."

पानांचे फोटो पाठवल्यावर तीन दिवसांनी बाईंनी फोन लावला, पुन्हा व्हिडिओवर. या वेळी कूलर नव्हता. रोहेलियो इस्त्रीचा शर्ट घालून, घामाने भिजून बसला होता. त्याने रात्रंदिवस पाठ केलेलं मँडरिनमधलं माफीचं एक वाक्य म्हटलं. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"हे वाक्य काय होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं होतं. स्वच्छ, खणखणीत, शाळेच्या मुख्याध्यापिकेला शोभेल अशा स्पॅनिशमध्ये. रोहेलियोचं तोंड उघडं राहिलं, त्या दातांच्या पेशंटसारखं.

"तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"सतरा वर्षं शिकवतेय."

"मग त्या दिवशी स्पॅनिशमध्ये का नाही बोललात?"

"तुम्ही 'मध्यम'वर खूण केली होती," त्साओ बाई म्हणाल्या. "अपमान वाटला असता तुम्हाला."

रोहेलियोने मान खाली घातली.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "मागे काहीतरी पडलं तेव्हा तुम्ही दचकलात. मी दोन दिवस त्याचा विचार केला. मग स्वतःची समजूत घातली की जमीन हादरली असेल. आमच्या विभागप्रमुखांनाही मी तसंच पटवलं. म्हणजे पत्र वाचून सगळ्यात जास्त लाज मला वाटली, हे लक्षात ठेवा."

"मी प्रवेश सोडतो, बाई."

"सोडा. तो प्रवेश रद्दच झालाय." त्यांनी कागद उलटला. "नवशिक्यांच्या वर्गात एक जागा आहे. वर्गात बहुतेक सगळे अठरा-एकोणीस वर्षांचे असतील. चार आठवड्यांनी मी बारा वाक्यं विचारेन, तोंडी. सहा मला समजली तर या."

पुढचे चार आठवडे फोंगकाकांच्या हॉटेलात तीन ते पाच रोज शाळा भरली. पहिल्या दिवशी रोहेलियोने वही उघडली तर समोर काकाही नवी वही घेऊन बसले होते.

"तुम्ही कशाला?"

"मी बिघडवलंय, मलाच दुरुस्त केलं पाहिजे," काका म्हणाले. "शिवाय सत्तावन्न वर्षं चिनी वाहिन्या बघतोय खालची अक्षरं वाचून. आवाज कशाला असतो ते एकदा कळू दे."

दोघं फोनमधल्या मुलीच्या मागून एकेक वाक्य म्हणायचे. स्वयंपाकघरातून आचारी डोकावून हसायचे. रोहेलियोचा सूर वर जायचा तिथे खाली यायचा, आणि काकांचा कुठेच जायचा नाही. एकदा आई डबा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तिला वाटलं दोघांचं भांडण चाललंय.

परीक्षा झाली. बारा वाक्यांपैकी त्साओ बाईंना सात समजली. आठव्याबद्दल त्या म्हणाल्या की ते चिनीच होतं याची खात्री आहे, पण अर्थ इथे आल्यावर विचारीन. रोहेलियो पास झाला. आईने हॉटेलातल्या सगळ्यांना मक्याच्या पानात उकडलेले तमाले वाटले, आणि चर्चमधल्या बायकांना या वेळी फक्त एवढंच सांगितलं की पोरगा पहिलीत बसायला चाललाय.

सगळे खात असतानाच काउंटरवरचा फोन वाजला. सोया सॉस पुरवणारा लिऊ होता. तो मूळचा चीनच्या उत्तरेकडचा, लहानपणापासून मँडरिन बोलणारा, वीस वर्षांपूर्वी आलेला. दोघांना एकमेकांचं चिनी कळत नसल्यामुळे तो आणि फोंगकाका वीस वर्षं स्पॅनिशमध्येच व्यवहार करत होते. काकांनी रोहेलियोकडे पाहिलं, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, घसा साफ केला आणि सावकाश, एकेक सूर जपत, मँडरिनमध्ये म्हणाले की नमस्कार, आज हवा फार गरम आहे, मला बारा डबे पाहिजेत.

"कोण बोलतंय?" लिऊ स्पॅनिशमध्ये म्हणाला. आवाज इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू आला. "जरा फोंग साहेबांना द्या. आणि कृपा करून स्पॅनिश बोला, ही कुठली भाषा आहे मला कळत नाही."

काकांनी मुकाट्याने स्पॅनिशमध्ये बारा डबे सांगितले, फोन ठेवला आणि वही उघडून आपल्या जागी येऊन बसले.

"बिचारा," ते रोहेलियोला म्हणाले. "वीस वर्षं झाली त्याला इथे येऊन. चिनी पार विसरून गेला."